अकरा महिन्यांनंतर: फोन झकास, अपडेटचं मात्र विचारू नका

ऑगस्ट २०२४ मध्ये घेतलेला फोन. कंपनीचं नाव मुद्दाम टाळतेय. नाव आलं की त्यावरूनच जुंपते आणि मुद्दा राहतो बाजूला. कॅमेरा दिवसा उत्तम, रात्री ठीक. बॅटरी दिवसभर आरामात पुरते. बस, आता अपडेटकडे वळते.

घेतला तेव्हा अँड्रॉइड १४ होतं आणि १५ ‘लवकरच’ देऊ असा कंपनीचा शब्द होता. गुगलने १५चा सोर्स कोड ३ सप्टेंबरला खुला केला, गुगलच्या स्वतःच्या पिक्सेल फोनवर ते १५ ऑक्टोबरला आलं. माझ्याकडे उजाडलं एप्रिल २०२५. वेळ का लागतो ते कळतं मला. आधी चिपवाल्यांनी ड्रायव्हर (चिप चालवणारं सॉफ्टवेअर) द्यायचे, मग कंपनीने त्यावर आपला साज चढवायचा, मग चाचण्या. २०१७ च्या प्रोजेक्ट ट्रेबलनंतर (गुगलने अँड्रॉइडचा गाभा आणि चिपचा भाग वेगळे केले ते) हे काम बरंच सोपं झालंय म्हणतात, पण साज चढवायची हौस काही कमी झालेली नाही. तरी सहा महिने एक वेळ चालतील. एवढ्या काळात कंपनीने तोंडातून चकार शब्द काढला नाही, ते चालत नाही.

मग अफवांना ऊत आला. दर पंधरा दिवसांनी नवी तारीख, ‘आतल्या माणसाकडून’. डिसेंबरात १५ आल्याचा एक स्क्रीनशॉट आमच्या फोनवाल्यांच्या ग्रुपवर फिरला, सगळे खूश. मी झूम करून पाहिलं तर सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतल्या फटी बुजवणारं छोटं अपडेट, होता १५ नोव्हेंबरचा. पॅचवर तारीख सहसा महिन्याची १ किंवा ५ असते. खोटं करणाऱ्याने तेवढंही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या एकाने ‘गुगल प्ले सिस्टीम अपडेट’ची तारीख बदललेली पाहून ‘आलं, आलं!’ केलं. ते प्ले स्टोअरमार्फत वेगळंच येतं, त्याचा १५शी संबंध नाही.

सगळ्यात मोठा मूर्खपणा माझाच. ‘फोनची तारीख महिनाभर पुढे करा, अपडेट लगेच दिसतं’ हे वाचून केलं. अपडेट दिसलं नाहीच, वेबसाइट ‘प्रमाणपत्राची मुदत संपली’ म्हणायला लागल्या आणि अलार्मचा बोजवारा उडाला.

खरी चीड वेगळ्याच गोष्टीची. नव्या आवृत्तीच्या नादात सुरक्षा पॅच ऑक्टोबरवर अडकून पडला होता, थेट एप्रिलपर्यंत. ‘अपडेट तपासा’ दाबलं की उत्तर ठरलेलं: तुमची सिस्टीम अद्ययावत आहे. सहा महिने जुना पॅच आणि अद्ययावत! याबद्दल ग्रुपवर कोणी ब्र काढला नाही, सगळे नव्या आयकॉनची वाट बघत होते.

शेवटी आलं तेही टप्प्याटप्प्याने. माझ्या भावाकडे हेच मॉडेल, त्याला बारा दिवस आधी मिळालं. सुरुवातीला थोड्याच फोनवर सोडून, गडबड दिसली तर थांबवायचं, ही पद्धत बरोबरच आहे. पण ते बारा दिवस भाऊ फार माजला होता. पहिले तीन दिवस बॅटरी संध्याकाळीच मान टाकायची, मग सावरली. १५मधलं प्रायव्हेट स्पेस, म्हणजे ॲप्स वेगळ्या कुलपात लपवायची जागा, आवडलं, बँकेची ॲप्स तिथे टाकलीत. चोरी ओळखून स्क्रीन लॉक करणारी सोय, जिच्यासाठी मी ताटकळले होते, ती गुगलच्या प्ले सर्व्हिसेसमधून (पाठीमागे आपोआप अपडेट होणारं ॲप) १४वरच येऊन बसली होती. मला पत्ताच नव्हता.

१० जूनला पिक्सेलवर १६ आलं. परवा ग्रुपवर आमच्या मॉडेलचा स्क्रीनशॉट पडला, ‘या आठवड्यात नक्की’. झूम केलं. पॅच, १५ जून.