ट्रोव्ह: ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संसदेतले खासदार शोधायचे तर

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ट्रोव्ह, म्हणजे जुनी वर्तमानपत्रं शोधून वाचायचं संकेतस्थळ, मोफत आहे, आणि १९०१ च्या पहिल्या संघीय संसदेतल्या माणसांवर काम करणाऱ्याला त्याच्या तोडीचं दुसरं साधन मिळणार नाही. पण नाव टाकलं आणि कारकीर्द हाती आली, असं इथे होत नाही.

त्या पहिल्या संसदेतले खासदार किंग ओ'मॅली यांचंच घ्या. 'किंग' हे त्यांचं नावच. नुसतं 'किंग' शोधलं की राजेसाहेबांच्या बातम्यांचा ढीग समोर येतो. पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाका, वर्तमानपत्रांचा विभाग निवडा, मग वर्षं आणि राज्य ठरवून द्या. राज्य विसरू नका. १९०१ मध्ये ओ'मॅली अख्ख्या टास्मानियातून निवडून आले, कारण तेव्हा ते राज्य मिळून एकच मतदारसंघ होता. १९०३ ते १९१७ ते 'डार्विन'चे खासदार. हा डार्विन टास्मानियातलाच मतदारसंघ. राज्य न निवडल्यास उत्तरेकडच्या डार्विन शहराच्या बातम्या गळ्यात पडतात. टास्मानियातल्या प्रचारसभांसाठी मेलबर्नच्या बड्या पत्रांपेक्षा झीहानसारख्या खाणगावातली पत्रं आधी चाळावीत.

खरं दुखणं मजकुराचं. छापील पान यंत्राने वाचलेलं असतं, त्यामुळे आडनावातली अपॉस्ट्रॉफी गळते, फिकट छपाईत एखादं अक्षर बदलतं. म्हणून आडनाव जोडून आणि तोडून, दोन्ही प्रकारे शोधा. मूळ पानाचं चित्र शेजारीच दिसतं. उतारा घेण्याआधी तेच वाचायचं. चुकलेली ओळ कुणीही वाचक तिथल्या तिथे दुरुस्त करू शकतो आणि पुढच्या माणसाला ती शोधात सापडते. ही सोय फार मोलाची आहे.

श्रेय कुणाचं हे ठरवताना मात्र सोबत हॅन्सार्ड, म्हणजे संसदेतल्या भाषणांची अधिकृत नोंद, हवंच. कॉमनवेल्थ बँकेचे जनक म्हणून ओ'मॅलींचं नाव जागोजागी छापलेलं दिसेल. तो दावा त्यांनी स्वतःही हिरिरीने केला. १९११ चं हॅन्सार्ड उघडलं की विधेयक मांडताना दिसतात ते पंतप्रधान आणि अर्थमंत्री अँड्र्यू फिशर. राजधानीसाठी किमान १००० चौरस मैल जमीन घ्यावी, हा १९०१ चा आग्रह मात्र ओ'मॅलींचाच.

बहुतेक पत्रं १९५४ पर्यंतच आहेत. ओ'मॅली डिसेंबर १९५३ मध्ये वारले, त्यामुळे त्यांचे मृत्युलेख मिळतात. १९५४ नंतर वारलेल्या, पुढच्या संसदांमधल्या खासदारांसाठी 'कॅनबेरा टाइम्स' बघा, तो १९९५ पर्यंत आहे.