शेअर्ड फोल्डर, एफटीपी, एसएफटीपी की क्लाउड: स्टुडिओने काय निवडावे?

लग्नसराईत जळगाव, भुसावळ किंवा धुळ्याच्या फोटो स्टुडिओत एकाच लग्नात 64 जीबीचे कार्ड भरते, आणि ते ज्या संगणकावर रिकामे होते त्यावरच अल्बमचे डिझाइन होते असे नाही. पेनड्राइव्ह फिरवणे बंद करून फाइली नेटवर्कवरून पाठवायच्या असतील, तर आधी एवढेच पाहावे की दोन्ही संगणक एकाच छताखाली आहेत की दोन गावांत. पुढची निवड बहुतांशी त्यावरच ठरते.

एकाच दुकानात विंडोजच्या शेअर्ड फोल्डरला, म्हणजे एका संगणकावरच्या पण दुसऱ्यावरूनही उघडता येणाऱ्या फोल्डरला, मला पर्याय दिसत नाही. वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही आणि कारागीर नेहमीच्याच पद्धतीने फाइल उघडतो. वेग मात्र वायरवर ठरतो. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला साधारण 110 एमबी जातात, म्हणजे डिस्क तेवढी वेगवान असेल तर 64 जीबी दहा मिनिटांत पोहोचतात. 100 एमबीपीएसच्या (सेकंदाला 100 मेगाबिट, म्हणजे जेमतेम 12 एमबी) जोडणीवर त्याच कामाला दीड तासाहून अधिक वेळ लागतो. गिगाबिटसाठी लॅन केबलच्या आठही तारा लागतात, 100 साठी चारच पुरतात. त्यामुळे जॅकमधील एक तार नीट दाबली गेली नसली तरी नेटवर्क चालू दिसते, पण वेग खाली येतो. नवा संगणक घेण्याआधी नेटवर्कच्या स्टेटसमध्ये वेगाचा आकडा पाहावा आणि गरज असेल तर जॅक नव्याने क्रिंप करून (तारांवर दाबून बसवून) घ्यावा.

मध्येच वीज गेली, तर साध्या कॉपी-पेस्टमध्ये काय पोहोचले आणि काय राहिले हे शोधत बसावे लागते. विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही आज्ञा पुन्हा दिली, की पोहोचलेल्या फाइली वगळून ती उरलेल्याच पाठवते. लोडशेडिंगच्या भागात हा फरक फार मोठा आहे. जुना स्कॅनर जोडता यावा म्हणून एसएमबीची, म्हणजे शेअर्ड फोल्डर ज्यावर चालतो त्या तंत्राची, पहिली आवृत्ती मात्र चालू करू नये. मे 2017 मधील वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस तिच्यातल्याच त्रुटीतून पसरला होता.

दोन गावांच्या बाबतीत एफटीपीचे, म्हणजे इंटरनेटवरून फाइली पाठवण्याच्या जुन्या पद्धतीचे, नाव अजूनही सुचवले जाते. त्याचे पहिले विनिर्देशन 1971 मध्ये आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी अभय भूषण यांनी लिहिले, याचा अभिमान वाटावा. पण मूळ एफटीपीत पासवर्ड उघड्या स्वरूपात जातो, आणि क्रोम व फायरफॉक्स या दोन्ही ब्राउझरनी 2021 मध्ये त्याचा आधार काढून टाकला. ग्राहकांच्या घरचे फोटो त्यावरून पाठवू नयेत. एसएफटीपी हे नावाने जवळचे असले तरी एसएसएच या सुरक्षित जोडणीवर चालणारे वेगळे तंत्र आहे. त्यात पासवर्ड आणि फाइल दोन्ही कूटबद्ध होतात, आणि विनएससीपीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून तुटलेले पाठवणे पुढे चालू करता येते.

अडचण वेगळ्याच ठिकाणी येते. अनेक ब्रॉडबँड जोडण्यांमध्ये बरेच ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीमागे (इंटरनेटवरच्या पत्त्यामागे) ठेवलेले असतात, आणि मग धुळ्याहून जळगावच्या संगणकापर्यंत बाहेरून पोहोचताच येत नाही. राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत येण्याची वाट) उघडूनही उपयोग होत नाही. अशा वेळी सेवादात्याकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा स्वतंत्र पत्ता, घ्यावा लागतो किंवा मध्ये भाड्याचा सर्व्हर ठेवावा लागतो. दोन शाखांत रोजची देवाणघेवाण असेल तर हा खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

महिन्यातून एक-दोनदाच पाठवायचे असेल तर गुगल ड्राइव्ह बरा. मात्र फुकटची जागा 15 जीबीच आहे, आणि 50 एमबीपीएसच्या अपलोडवर 64 जीबी चढायला पावणेतीन तासांहून अधिक लागतात. उतरवण्याचा वेळ त्यावर वेगळा. तेव्हा ड्राइव्हवर निवडलेले फोटोच टाकावेत, आणि पूर्ण कार्ड द्यायचे असेल तर हार्ड डिस्क माणसाबरोबर पारोळामार्गे पाठवणे आजही अधिक लवकर होते.