ब्लॅक टाकी ‘फुल्ल’च दाखवतेय: भिजवायची, जेट मारायचा की सेन्सर बदलायचा?

डंप स्टेशनवर, म्हणजे सांडपाणी सोडायच्या जागी, टाकी रिकामी केली, नळी धुऊन ठेवली, आत येऊन टाक्यांची पातळी दाखवणाऱ्या पॅनलचं बटण दाबलं, तर ब्लॅक टाकीसमोर, म्हणजे टॉयलेटचा मैला साठवणाऱ्या टाकीसमोर, दोन तृतीयांशचा दिवा तसाच. अमेरिकेत जुनी आरव्ही (राहायची सोय असलेली फिरती गाडी) घेणाऱ्या बहुतेकांना हे कधी ना कधी दिसतं. मग शेजारच्या साइटवरचे अनुभवी लोक तीन सल्ले देतात. एक म्हणतो बॅक्टेरियाचं औषध टाक, दुसरा म्हणतो उच्च दाबाच्या पाण्यानं टाकी धुणाऱ्या जेटवाल्याला बोलाव, तिसरा म्हणतो सेन्सरच बदलून टाक. तिघंही बरोबर असतात, फक्त तीन वेगवेगळ्या दुखण्यांबद्दल बोलत असतात. आपलं दुखणं कोणतं हे न बघता पाकीट उघडलं की रोग म्हशीला आणि औषध पखालीला.

आधी पॅनलची उलटतपासणी

बहुतेक आरव्हींत टाकीच्या भिंतीतून आरपार गेलेले धातूचे छोटे स्क्रू हेच सेन्सर. एक तळाशी, बाकीचे एक तृतीयांश, दोन तृतीयांश आणि पूर्ण भरल्याच्या उंचीवर. पाणी दोन स्क्रूंना जोडतं, थोडा विद्युतप्रवाह वाहतो, दिवा लागतो. आता त्याच भिंतीवर कागदाचा लगदा आणि मळाचा ओला थर बसला, तर तो थरही प्रवाह वाहून नेतो. टाकी रिकामी, दिवा चालू.

म्हणून तीन गोष्टी बघा. ताज्या पाण्याच्या टाकीचं रीडिंगही चुकतंय का? सगळ्याच टाक्या वेडंवाकडं दाखवत असतील तर दोष पॅनलचा किंवा अर्थिंगच्या वायरचा. टाकीत काही टाकून उपयोग नाही. फक्त ब्लॅक चुकत असेल आणि खालून हात पोचत असेल, तर बाहेरच्या बाजूनं त्या स्क्रूची वायर काढा. दिवा गेला म्हणजे वायर आणि पॅनल ठीक, घाण आत आहे. वायर काढूनही दिवा लागलेलाच राहिला, तर आतल्या मळाला उगाच दोष देऊ नका. तिसरी गोष्ट, डंप करताना गाडी सपाट उभी होती का? टाकीचं तोंड ज्या बाजूला आहे ती बाजू वर असेल तर पाणी मागे उरणारच.

मग टाकीची

पॅनल काहीही म्हणो, दुधाचं दूध आणि पाण्याचं पाणी करते ती मोजून पाणी भरण्याची चाचणी. डंप करून व्हॉल्व्ह बंद करा. पिण्याच्या पाण्याची सोडून दुसरी नळी घ्या आणि 5 गॅलनची बादली किती वेळात भरते ते घड्याळ लावून बघा. सव्वा मिनिटात भरली, तर मिनिटाला 4 गॅलन. म्हणजे 40 गॅलनची, सुमारे 150 लिटरची टाकी भरायला दहा मिनिटं लागायला हवीत. आता तीच नळी टॉयलेटमध्ये सोडा आणि बॅटरीच्या उजेडात खाली बघत राहा. नववं मिनिट उलटल्यावर पाणी वर येताना दिसलं, तर टाकी मोकळी आहे. कागदावरच्या क्षमतेपेक्षा गॅलन-दोन गॅलन कमी भरणं चालतं. पाचव्या मिनिटालाच पाणी वर आलं, तर निम्मी टाकी गाळानं भरलीय, आणि पॅनल बिचारं खरं बोलत होतं. पहिल्याच मिनिटात पाणी चढलं आणि नळी बंद केल्यावर हळूहळू उतरलं, तर टाकी भरलेली नसून टॉयलेटच्या बरोबर खाली मळाचा ढिगारा उभा आहे. कॅम्पसाइटवर सांडपाण्याची जोडणी असताना ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवण्याची सवय याला कारण होते: पाणी निघून जातं, घन तेवढं जागेवर साचतं.

ही चाचणी चालू असताना जागा सोडायची नाही. फोन आला तर आधी नळ बंद.

भरलेली टाकी आता उघडा आणि धार बघा. 3 इंची पाइपातून जोरात लोंढा आला पाहिजे. थोडंसं येऊन थांबलं तर तोंडाशी बोळा आहे. काहीच आलं नाही आणि हँडल मात्र लोण्यासारखं सरकलं, तर व्हॉल्व्हची केबल सुटलीय किंवा तुटलीय. हे मेकॅनिकचं काम, औषधाचं नाही.

तीन उपाय, तीन किमती

भिजवणं सगळ्यात स्वस्त. गरम पाण्यानं (उकळत्या नव्हे) टाकी जवळजवळ भरायची, बॅक्टेरिया किंवा एन्झाइमचं औषध घालायचं आणि दोन-तीन दिवस ठेवायचं. मधे गाडी फिरवता आली तर फारच छान. सेन्सरवरचा थर, मऊ गाळ, ताजा ढिगारा यांना हे पुरतं. याची खरी किंमत म्हणजे वेळ आणि सबुरी. थंडीत बॅक्टेरिया सुस्तावतात आणि ब्लीच पडलं तर मरतात, त्यामुळे दोन्ही एकत्र वापरण्यात अर्थ नाही. फॉर्मल्डिहाइडवाली जुनी निळी औषधं वास दाबतात, पण तीही बॅक्टेरिया मारतात, कॅम्पग्राउंडच्या सेप्टिक टँकमधलेसुद्धा; कॅलिफोर्नियात ती चालत नाहीत. टाकीत बर्फ टाकून गाडी पळवण्याच्या युक्तीवर माझा विश्वास नाही. बर्फ तरंगतो, आणि गाळ तळाशी असतो.

दुसरा उपाय आपण स्वतः पाण्याचा मारा करण्याचा. टॉयलेटमधून आत घालायची फवाऱ्याची कांडी ढिगाऱ्यावर उत्तम चालते, पण टॉयलेट टाकीच्या सरळ वर असेल तरच. पाइपाला वळण असेल तर लवचिक कांडी लागते. डंपच्या तोंडाला पारदर्शक एल्बो (पाइपाचा कोपरा) लावून उलटं पाणी मारता येतं आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा रंगही दिसतो. काही गाड्यांत धुण्याची सोय आधीच असते, पण त्या तोटीची भोकं क्षारानं बुजतात. भिजवणं आणि मारा आलटून पालटून दोनदा करून बघा. एकाच प्रयत्नावर निकाल देऊ नका.

तिसरा उपाय म्हणजे घरपोच येणारा जेटवाला. उच्च दाबाच्या नळीनं तो वाळून दगड झालेला मळ फोडतो. बिल काहीशे डॉलरचं होतं, पण वर्षानुवर्षं उभी राहिलेली गाडी असेल, मोजणीत निम्मी टाकी गायब निघाली असेल आणि दोनदा भिजवून फरक पडला नसेल, तर इथे कंजुषी करू नये. मोरी साफ करायचं कॉस्टिक किंवा लोखंडी स्प्रिंग मात्र प्लास्टिकच्या टाकीत घालू नका. सील आणि सेन्सर दोन्ही हातचे जातील.

सेन्सर कधी बदलायचे?

टाकी मोकळी आहे, वायर ठीक आहे, भिजवूनही दिवा जात नाही, तेव्हाच. तसलेच स्क्रू पुन्हा बसवले तर स्वस्त पडतात आणि पुन्हा माखतात. हॉर्स्ट मिरॅकल प्रोबसारख्या सेन्सरांना आतल्या बाजूनं प्लास्टिकची लांब बाही असते, त्यामुळे धातूचं टोक भिंतीवरच्या थरापासून दूर राहतं. कॅनडातल्या गार्नेट कंपनीचं सीलेव्हल हे पातळी मोजणारं यंत्र टाकीच्या बाहेरून चिकटतं, घाणीला स्पर्शच करत नाही आणि पातळी टक्क्यांत दाखवतं. मात्र त्यासाठी बहुतेक गाड्यांचं खालचं आवरण उतरवावं लागतं, आणि भिंतीवर जाड गाळ असेल तर तेही फसतं. महिनोन्‌महिने आरव्हीतच राहणाऱ्यानं हे जरूर घ्यावं. वर्षातून दोनदा यलोस्टोनला जाणाऱ्या चौकोनी कुटुंबानं ते पैसे डिझेलला ठेवावेत.

आपल्या मराठी घरांबद्दल एक सांगायला हवं. टॉयलेटमध्ये पाणी वापरण्याची सवय ब्लॅक टाकीला मानवते: कागद कमी, पाणी जास्त, ढिगारा होत नाही. टाकी लवकर भरते एवढंच. पण ग्रे टाकीचं, म्हणजे सिंक-आंघोळीचं पाणी साठवणाऱ्या टाकीचं, आपण वाटोळं करतो. फोडणीचं तेल, भाताची शितं, चहाचा चोथा, सगळं सिंकमध्ये. थंड झालेलं तेल ग्रेच्या सेन्सरवर असं बसतं की मळाचा थर परवडला. कढई आधी कागदानं पुसून मग धुवा, आणि भरलेल्या ग्रे टाकीत गरम पाणी व भांड्यांचा साबण घालून एक प्रवास करा. ब्लॅकसाठी घेतो तसलं महाग औषध इथे सहसा लागत नाही.

फक्त वास येत असेल आणि पातळी बरोबर असेल, तर हा सगळा खटाटोप सोडा. टॉयलेटच्या भांड्यात ठेवलेलं पाणी रात्रीत उतरत असेल तर सील बदला. उतरत नसेल तर सिंकखालचा ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारा वाकडा पाइप) कोरडा पडलाय का, तिथला हवेचा छोटा व्हॉल्व्ह अडकलाय का, छतावरची व्हेंट नळी तुंबलीय का, या क्रमानं बघा.

आणि गाडी अजून विकत घ्यायचीच असेल, तर पाणी मोजून भरायची चाचणी पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्या अंगणात करा. तो नाही म्हणाला, तर जेटवाल्याचं बिल किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करा.