पेटंट: आधी प्रोव्हिजनल की थेट कम्प्लीट?

यवतमाळकडच्या एखाद्या वेल्डिंगच्या दुकानात पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उपटायचं अवजार घडलं, पण रचना अजून बदलतेच आहे. अशा वेळी प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज बरा: दावे (शोधात नेमकं काय आपलं, हे सांगणारी कलमं) लिहावे लागत नाहीत अन् अर्जाची तारीख हातात येते. मात्र 12 महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन (दाव्यांसह पूर्ण वर्णन) दिलं नाही, तर अर्ज सोडल्याचं धरतात. नंतर सुचलेल्या सुधारणेला ती जुनी तारीख लागू होत नाही, हे बरेच जण विसरतात.

अवजार पक्कं झालं असेल तर थेट कम्प्लीट. एक टप्पा वाचतो. दावे जाणकाराकडूनच लिहून घ्यावेत, खरी ताकद त्यांत असते. कृषी प्रदर्शनात मांडण्याआधी दोन्हींपैकी एक अर्ज गेलेला हवाच.

पुढे सारखंच: पेटंट कार्यालयाकडे अर्जाच्या तपासणीची मागणी पहिल्या अर्जाच्या तारखेपासून 31 महिन्यांत, वेगळी फी भरून. पेटंट मिळाल्यावर तिसऱ्या वर्षापासूनची नूतनीकरण फी; पेटंट टिकतं अर्जाच्या तारखेपासून कमाल 20 वर्षं.