सात मीटर पाणी, पण कुठून मोजायचे?

वादळी उधाणाचा, म्हणजे चक्रीवादळासोबत समुद्राची पातळी चढण्याचा, इशारा ही सार्वजनिक सेवा आहे, पण तिची परीक्षा सेवा म्हणून क्वचितच होते. पाणी चढले तर हवामान खात्याचे कौतुक होते, नाही चढले तर खिल्ली उडते, आणि दोन्ही वेळा मूळ मजकूर कोणी पुन्हा काढून वाचत नाही. चक्रीवादळाची पत्रके, त्यांवरून झालेल्या बातम्या आणि लोकांची प्रतिक्रिया हे तिन्ही शेजारी ठेवून वाचण्याची मला सवय आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की अंदाज वर्तवण्याचे काम आज पुष्कळ सुधारले आहे. सेवा घसरते ती त्या अंदाजाचे वाक्य बनते तेव्हा.

भारतीय हवामान विभागाच्या पत्रकात यासाठी एक ठरलेल्या धाटणीचे वाक्य असते. खगोलीय भरतीच्या पातळीपेक्षा एक ते दोन मीटर उंच वादळी लाटेमुळे, वादळ जमिनीवर येण्याच्या सुमारास, अमुक जिल्ह्यांतील सखल भाग पाण्याखाली जाण्याची दाट शक्यता आहे, असा त्याचा आशय असतो. यातला एकही शब्द चुकीचा नाही. तरीही किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला त्यावरून घर सोडायचे की नाही हे ठरवता येत नाही, कारण खगोलीय भरती म्हणजे चंद्रसूर्याच्या ओढीने त्या वेळी एरवीही येणारी भरती, आणि तिची उंची या वाक्यात नसते. वाचणाऱ्याने भरतीचे कोष्टक काढावे, त्या तासाची पातळी पाहावी, त्यात पत्रकातला आकडा मिळवावा आणि मग आपल्या उंबरठ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची वजा करावी, अशी बहुधा अपेक्षा असावी. तेच दोन मीटर ऐन ओहोटीला आले तर पुळणीवरच राहतात आणि अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीवर स्वार झाले तर घरात शिरतात. वाऱ्याने उठणाऱ्या लाटा त्याच्या वर, वेगळ्या.

‘लाट’ या शब्दाबद्दलही माझी तक्रार आहे. वादळी उधाण म्हणजे येऊन फुटणारी एक लाट नव्हे; समुद्राची पातळीच काही तास चढत जाते. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येते, म्हणजे दाब शंभराने कोसळला तरी हिशेबात जेमतेम एक मीटर भरतो. बाकीचे काम वाऱ्याचे असते. तो उथळ तळावरून पाणी किनाऱ्याकडे रेटत आणतो आणि त्याला परत जायला वाट उरत नाही. बंगालच्या उपसागराचे उत्तरेकडचे टोक उथळ आणि नरसाळ्यासारखे निमुळते असल्यामुळे तिथे हे सर्वांत भीषण होते. ‘लाट’ ऐकलेला माणूस मात्र समुद्राकडे पाहत बसतो, आणि पाणी खाडीतून, नाल्यातून, मागच्या दाराने येते.

शब्दाची किंमत किती असते, हे 8 नोव्हेंबर 2013 रोजी फिलिपिन्समध्ये दिसले. हैयान वादळापूर्वी तिथल्या हवामान संस्थेने सात मीटरपर्यंतच्या ‘स्टॉर्म सर्ज’चा, म्हणजे वादळी उधाणाचा, इशारा दिला होता. इशारा वेळेवर होता, आकडाही अवाजवी नव्हता. पण टॅक्लोबान शहरातून वाचलेल्या अनेकांनी नंतर सांगितले की तो शब्दच आम्हाला कळला नाही. त्सुनामी म्हटले असते तर आम्ही पळालो असतो. लोकांना आश्रयासाठी नेलेल्या काही इमारतींतही पाणी शिरले. त्या वादळात देशभर 6,300 हून अधिक माणसे गेली. शास्त्रीयदृष्ट्या त्याला त्सुनामी म्हणणे चूक ठरले असते, हे खरेच. पण अचूक शब्द कोणालाच समजणार नसेल तर त्याच्या शेजारी समजणारे एक वाक्य ठेवण्याची जबाबदारी इशारा देणाऱ्याची असते. मराठीत ‘उधाण’ हा नेमका, जुना आणि कोळ्यांच्या रोजच्या बोलण्यातला शब्द आपल्याकडे आहे. अडचण इतकीच की वर्तमानपत्रांनी तो ‘उत्साहाला उधाण’ असा इतका वापरला आहे की किनाऱ्यापासून दूरच्या वाचकाला त्यातून धोक्यापेक्षा मिरवणूकच आठवावी.

या बाबतीत अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने केलेली दुरुस्ती मला सर्वांत उजवी वाटते. पूर्वी तिथे वाऱ्याच्या वेगावरून ठरणाऱ्या वादळाच्या एक ते पाच या श्रेणीला उधाणाच्या उंचीचे आकडे जोडलेले असत. 2008 मध्ये आयक वादळ दुसऱ्या श्रेणीचे असूनही टेक्सासच्या किनाऱ्यावर पंधरा ते वीस फूट पाणी घेऊन आले. अखेर 2010 मध्ये ते आकडे श्रेणीतून काढण्यात आले. 2017 पासून उधाणाचा इशारा वाऱ्याच्या इशाऱ्यापासून वेगळा दिला जातो. त्याच्या जोडीला येणारा नकाशा भरतीच्या नव्हे, जमिनीच्या वर पाणी किती फूट चढू शकेल ते दाखवतो: एक फुटाच्या वर निळा, तीनच्या वर पिवळा, सहाच्या वर नारिंगी, नऊच्या वर लाल. सगळी बेरीज-वजाबाकी संस्थेने केलेली असते, वाचणाऱ्याने फक्त आपली गल्ली शोधायची. त्यात एकच खोच आहे. हा नकाशा सर्वांत संभाव्य पाणी दाखवत नाही; ज्याहून जास्त पाणी येण्याची शक्यता दहात एक असते, अशी पातळी तो दाखवतो. साहजिकच बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात पाणी कमी चढते आणि लोकांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. ही गोष्ट नकाशावर ठळक अक्षरांत लिहायला हवी.

माध्यमांचे वागणे एकाच वाहिनीच्या दोन चित्रफितींत पाहता येते. सप्टेंबर 2018 मध्ये फ्लॉरेन्स वादळाच्या वेळी अमेरिकेतील ‘द वेदर चॅनल’ने स्टुडिओत उभ्या निवेदिकेभोवती संगणकाने रस्ता उभा केला आणि त्यावर पाणी चढवत नेले. तीन फुटांना ते कमरेशी येते, सहाला डोक्याच्या वर जाते आणि गाड्या तरंगू लागतात, नऊला पाण्याच्या भिंतीपुढे निवेदिका ठेंगणी दिसते. मीटर आणि फूट यांचे शरीराच्या मापात इतके स्वच्छ भाषांतर मी दुसरीकडे पाहिलेले नाही. त्याच वादळात त्याच वाहिनीचा एक बातमीदार वाऱ्याविरुद्ध पाय रोवून, शरीर तिरके करून कसाबसा उभा होता आणि त्याच्या मागून दोन माणसे आरामात चालत गेली. तो ओल्या गवतावर उभा होता आणि थकलेला होता, असा खुलासा वाहिनीने केला आणि तो खराही असू शकेल. पण जगभर हसू झाले, आणि त्या हशात पहिली चित्रफीतही थोडी बुडाली. वाऱ्याचा वेग छायाचित्रात चांगला दिसतो, उधाण मात्र येईपर्यंत दिसतच नाही. त्यामुळे वाहिन्या ताशी किलोमीटर सांगत राहतात आणि जे पाणी माणसे मारते त्याचा उल्लेख पट्टीत सरकत जातो.

लोकांची बाजू मला टीकाकारांइतकी बेजबाबदार वाटत नाही. अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर 1969 चे कमिल हे पाचव्या श्रेणीचे वादळ ज्या घरांनी सोसले, त्या घरांतली काही माणसे 2005 मध्ये कॅटरिना येताना थांबली. कॅटरिना जमिनीवर आले ते तिसऱ्या श्रेणीचे होते, मग त्यांचा हिशेब चूक कसा म्हणावा? पण त्या वादळाचा पसारा मोठा होता आणि पाणी 28 फुटांच्या आसपास चढले. त्यांना मोजपट्टीच चुकीची देण्यात आली होती. याउलट 1999 च्या महाचक्रीवादळात जवळपास 10 हजार माणसे गमावलेल्या ओडिशात 2013 च्या फायलिन चक्रीवादळापूर्वी 10 लाखांच्या घरात लोक हलवले गेले आणि मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. तिथे इशारा दारापर्यंत चालत आला होता आणि त्याच्यामागे पक्क्या निवाऱ्याची सोय होती.

दारापर्यंत पोचणे हीच जुनी उणीव आहे. 31 जानेवारी 1953 च्या रात्री नेदरलँड्समध्ये धोकादायक पातळीचा इशारा निघाला होता, पण तिथली रेडिओ केंद्रे मध्यरात्री नेहमीप्रमाणे बंद झाली. त्या पुरात 1,836 माणसे मेली. 1970 च्या भोला चक्रीवादळाने किमान तीन लाख बळी घेतल्यानंतर बांगलादेशाने 1972 मध्ये स्वयंसेवकांची फळी उभारली, जी आज 70 हजारांहून मोठी आहे. धोका वाढेल तशी एकाची दोन आणि दोनाची तीन निशाणे चढवायची आणि भोंगा घेऊन वस्तीत फिरायचे, ही तिची पद्धत. भ्रमणध्वनीवर येणारा संदेश वेगवान असतो, पण कोणाच्या घराचा चौथरा बुटका आहे आणि कोणती आजी एकटी राहते, हे भोंगेवाल्याला ठाऊक असते. सेवेच्या या अंगाला मी पूर्ण गुण देईन.

एक त्रुटी मात्र जवळजवळ सगळीकडे आहे. जानेवारी 2017 मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील जेविक हे गाव उधाणाच्या भीतीने रिकामे करण्यात आले, पाणी अपेक्षेइतके चढले नाही आणि लोक घरी परतले. अशा वेळी ‘उगाच घाबरवले’ ही प्रतिक्रिया ठरलेली असते, आणि तिला उत्तर देणारा कागद पहिल्या इशाऱ्याइतक्या तत्परतेने कोणी धाडत नाही. भरतीमापकाची नोंद त्याच रात्री हाती असते. भरती किती होती, वादळाने किती भर घातली आणि बांधाचा माथा किती सेंटिमीटरने वाचला, हे तीन आकडे ज्या फोनवर ‘घर सोडा’ असा संदेश आला त्याच फोनवर दुसऱ्या दिवशी सकाळी यायला हवेत.