भिंग चांगलं, दिवा वाईट

सात महिने झाले, हा तीन नळ्यांचा स्टिरिओ मायक्रोस्कोप रोज वापरतोय. झूम 0.7 ते 4.5, आयपीस (डोळ्याजवळची भिंगं) दहाचे, म्हणजे 7 ते 45 पट. सोबतचं दुपटीचं भिंग खाली लावलं की 90. माझं काम परोपजीवी गांधीलमाश्या ओळखण्याचं. गांधीलमाशी म्हटलं की लोक दचकतात, पण माझ्याकडची ट्रायकोग्रामा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. पतंगाच्या अंड्यात वाढते, माणसाच्या वाटेला जात नाही.

भिंगाला पैकीच्या पैकी गुण. ट्रायकोग्रामाच्या कुळाची खूण म्हणजे पायाच्या टोकाचे तीनच खंड. 90 पटीला ते स्वच्छ मोजता आले. पंखावरच्या बारीक केसांच्या रांगा दिसल्या, नराच्या मिशांवरचे लांब केसही. इथवर तक्रार नाही.

पण सोबतचा गोल एलईडी दिवा! युलोफिड या दुसऱ्या कुळातली हिरवी, धातूसारखी चमकणारी गांधीलमाशी त्याखाली ठेवली, तर पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची माळच उमटली. पाठीवरची जाळीदार नक्षी, जिच्यावरून पुढचा निर्णय घ्यायचा, ती त्या झगझगाटात गायब. शेवटी ट्रेसिंग पेपरची नळी करून नमुन्याभोवती उभी केली आणि दिवा बाहेरून मारला. नक्षी लगेच उठून दिसली. आता ती सुरकुतलेली नळी कायम टेबलावर असते.

दुसरी गोष्ट, दुपटीचं भिंग लावलं की खाली हात घालायला जागाच उरत नाही. सुईची मूठ काचेला टेकते. अल्कोहोलमधली एक मादी उलटी करताना अशीच उडाली, ती आजतागायत सापडलेली नाही. वेगळे वीसचे आयपीस घेतले तर 180 पट होतं म्हणे. घेऊन पाहिले. चित्र मोठं आणि अंधारं झालं, नवीन काही दिसलं नाही. कॅमेरा ठीक, त्याचं सॉफ्टवेअर वैतागवाणं.

आणि नेमकी जात ओळखायला हा घेऊ नका. ट्रायकोग्रामात रंगावर भरवसा नाही, तो वाढीच्या तापमानानुसार बदलतो. नागराज आणि नागरकट्टी या कीटकशास्त्रज्ञांनी 1971 मध्ये नराच्या जननेंद्रियाचं महत्त्व दाखवून दिलं, तेव्हापासून नर कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात पारदर्शक करायचा, स्लाइडवर चढवायचा आणि 400 पटीच्या कंपाउंड मायक्रोस्कोपखाली बघायचा. तेही नर असेल तर! गेल्या महिन्यात आलेल्या कुपीत सगळ्या माद्याच. वोल्बाकिया जिवाणूची लागण असली की माद्या नराविना माद्याच जन्माला घालतात. तिथे कुठलंच भिंग कामाचं नाही, डीएनएचा आयटीएस-2 हा तुकडाच वाचावा लागतो. ती कुपी मी डीएनए तपासणीलाच पाठवलीय.

पाचपैकी साडेतीन तारे. दिव्याशिवाय विकत असतील तर तसाच मागा.