संसर्गजन्य आजारांची प्रयोगपेटी: माध्यमिक शाळेने घ्यावी का?

आठवीच्या सामान्य विज्ञानातील ‘आरोग्य व रोग’ हे प्रकरण शिकताना मुले क्षय, विषमज्वर, कावीळ, डेंग्यू यांचे तक्ते तोंडपाठ करतात. परंतु आजार एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेमका कसा पोचतो, हे त्यांना पाठांतरातून उमगत नाही. सांगलीतील आमच्या माध्यमिक शाळेने याच कारणासाठी शालेय साहित्य विकणाऱ्या एका कंपनीची प्रयोगपेटी सुमारे साडेचार हजार रुपयांना घेतली. आठवी ते दहावीच्या वर्गांत ती वापरून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, तिच्यातील एक प्रयोग उत्तम आहे आणि बाकीची पेटी आपल्या भागासाठी अपुरी आहे.

तो प्रयोग पेल्यांचा. प्रत्येकाच्या पेल्यात वरकरणी पाणीच असते, पण एका पेल्यात सोडिअम हायड्रॉक्साइडचे विरळ द्रावण असते आणि तो पेला कोणाचा, हे कोणालाच ठाऊक नसते. मुले तीन फेऱ्यांत वेगवेगळ्या जोडीदारांशी द्रावणाची अदलाबदल करतात व शेवटी प्रत्येक पेल्यात फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचे (सोडिअम हायड्रॉक्साइडसारख्या आम्लारीत रंग बदलणाऱ्या द्रव्याचे) दोन थेंब टाकले की ‘बाधित’ पेले गुलाबी होतात. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ हा हिशेब मुले आधीच मांडून बसतात आणि प्रत्यक्षात कधी कधी सहाच पेले गुलाबी निघतात, तेव्हा खरी चर्चा सुरू होते. कारण दोन बाधितांचीच आपसात जोडी जमली, तर संसर्गाला नवा माणूस मिळत नाही. साथ पुढे मंदावते त्यामागचे एक कारण मुलांना इतक्या सहज दुसऱ्या कुठल्या साधनाने समजावता येईल असे मला वाटत नाही.

यापुढचा भाग मूळ बाधित शोधण्याचा. जोडीदारांच्या नोंदींवरून मुले मागे मागे जातात, पण पहिल्या फेरीतील जोडीपाशी येऊन अडतात, कारण त्या दोघांपैकी सुरुवात कोणाकडून झाली हे नोंदींतून ठरवता येत नाही. पेटीसोबतची पुस्तिका येथे गप्प आहे. प्रयोगाआधी प्रत्येकाने आपल्या द्रावणाचे थोडे थेंब वेगळ्या नळीत राखून ठेवले, की उत्तर मिळते आणि नमुना वेळेवर घेण्याचे महत्त्वही आपोआप कळते.

पुस्तिकेबद्दल माझी मुख्य तक्रार वेगळीच आहे. फ्लू, क्षय आणि एचआयव्ही या तिन्हींसाठी ती हाच प्रयोग सुचवते. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात आणि एचआयव्ही एका ताटात जेवल्याने किंवा हात मिळवल्याने पसरत नाही; पेल्यांची अदलाबदल पाहून मुलांनी भलताच निष्कर्ष काढू नये, म्हणून शिक्षकाने हे आधी स्पष्ट सांगितलेच पाहिजे. ज्याचा पेला गुलाबी होतो त्याला मधल्या सुट्टीत चिडवले जाते, हेही ध्यानात ठेवावे. पेल्यांवर नावांऐवजी क्रमांक घालावेत आणि कोणता क्रमांक कोणाचा, हे शिक्षकाकडेच राहावे.

हात धुण्यासाठीची चमकणारी पावडर आणि जांभळ्या प्रकाशाची बॅटरी ठीक आहे. अंगठा व नखांच्या कडा राहून जातात हे दिसते, मात्र त्यासाठी खोलीत पुरता अंधार हवा.

डासांचा तक्ता मात्र दिशाभूल करणारा आहे. त्यात सर्व डास गटारातच वाढताना दाखवले आहेत. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती डास दिवसा चावतो व घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. बॅरल, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे या त्याच्या जागा आहेत. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करण्याचा दिवस. आणि अंडी कोरड्यातही काही महिने तग धरतात, म्हणून भांडे नुसते रिकामे न करता घासूनही काढायचे. एवढे दोन मुद्दे छापले असते, तरी तक्त्याचे सार्थक झाले असते.

पाण्यातून पसरणाऱ्या आजारांच्या कार्डांत कॉलरा आणि विषमज्वर आहेत, पण लेप्टोस्पायरोसिस नाही. 2005, 2019 आणि 2021 मध्ये कृष्णेचा पूर पाहिलेल्या शहरात, उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून जखमेवाटे शिरणारा हा आजार वगळणे मला पटत नाही. ग्रामपंचायतीत पाण्यातील क्लोरीन तपासण्यासाठी होते ती ओ.टी. (ऑर्थोटोलिडिन) चाचणी पेटीत असती, तर क्लोरीन असलेले पाणी पिवळे होताना पाहून मुलांना पुष्कळ शिकता आले असते.

पेटीत वीसच पेले आहेत, त्यामुळे साठ-पासष्टच्या वर्गात बरीच मुले प्रेक्षक होतात. सोडिअम हायड्रॉक्साइड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा करू शकते, तरीही पेटीत संरक्षक चष्मे नाहीत. रसायनांच्या नव्या बाटल्या कंपनी बऱ्याच चढ्या दराने देते, त्या घेऊ नयेत. गाडीच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवावा आणि दर्शक म्हणून स्पिरिटमध्ये भिजवून गाळलेली हळद वापरावी. रंग गुलाबीऐवजी तांबूस येतो, द्रावण हाताळायला त्या मानाने सौम्य असते, आणि हळदीच्या पेठेच्या गावात दर्शकाचा खर्च जवळजवळ शून्य.